राज्यसूची पाठ करण्याआधी बारा सागरी मैल बघा

राज्यसेवेला बसणाऱ्यांना घटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या तीन सूच्या माहीत असतात: संघ (केंद्राचे विषय), राज्य, समवर्ती (दोघांचे). म्हणून त्यांतल्या नोंदींच्या 97, 66, 47 या आकड्यांची उजळणी करत नाही. हे मूळ घटनेतले आकडे, पुढे दुरुस्त्यांनी हलले. ते घोकून सातवं परिशिष्ट 'झालं' म्हणणारे पूर्वपरीक्षेतच गळतात.

रत्नागिरीत आम्हाला नडली ती मासळी. पुण्याहून आलेल्या झेरॉक्स नोट्समध्ये एवढंच होतं: 'मत्स्यव्यवसाय – राज्य'. मिरकरवाडा बंदरातली पोरंसुद्धा तेच घोकायची! ओळ खोटी नाही, अर्धी आहे. राज्यसूचीतली नोंद 21 मत्स्यव्यवसायाची. पण संघसूचीत नोंद 57 आहे, प्रादेशिक समुद्राबाहेरच्या मासेमारीची. 1976 च्या कायद्याने हा प्रादेशिक समुद्र 12 सागरी मैलांचा. म्हणून पावसाळी बंदीचे आदेश दोन निघतात: आत राज्याचा, 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली, बाहेर केंद्राचा. दोन्हीकडे 1 जून ते 31 जुलै, त्यामुळे आदेश एकच वाटतो. कर्नाटकातल्या मलपीचे ट्रॉलर घुसले की मत्स्यव्यवसाय खात्याची गस्तीनौका त्यांना राज्याचा कायदा लावते, तो बारा मैलांच्या आतच.

फसायला होतं कारण नोंद 21 काही सुचवतच नाही. पाण्याची नोंद 17 स्वतःच सांगते की मी संघसूचीतल्या नोंद 56 च्या अधीन. उद्योगांची 24 पण तसंच सांगते. मासळीच्या नोंदीला असं शेपूट नाही. ती 57 शेजारी ठेवून, कलम 246 (सूच्या भिडल्या तर संघसूची वरचढ) डोक्यात ठेवूनच वाचावी लागते.

बरं, बारा मैलांच्या आत सगळं राज्याचं, असंही समजू नका. तिथल्या समुद्राखालची खनिजं कलम 297 नुसार संघाची. दीपगृहंही संघाकडे. जेएनपीए (जवाहरलाल नेहरू बंदर) महाबंदर, म्हणून संघसूची. जयगड, दिघी लहान बंदरं, म्हणून समवर्तीत.

एवढं वाचून धडकी भरली असेल तर थांबा. असे सांधे मोजके आहेत. तिन्ही सूच्या नोट्समधून नव्हे, थेट घटनेच्या पुस्तकातून, पेन्सिल घेऊन, सलग वाचल्या की आपोआप दिसतात. दोन संध्याकाळी पुरतात. 'ट्रिक'वाले व्हिडिओ मात्र बंद करा. आद्याक्षरांच्या कवितेत 'च्या अधीन' हे शब्द बसत नाहीत, आणि गुण तिथेच असतात. मार्गदर्शनाला सिनियर निवडतानाही पोस्ट (सरकारी पद) मिळालेल्याच्या सत्कारापेक्षा मुख्य परीक्षेत अडकलेल्याच्या खोलीवर जा. त्याला कुठे घसरतं ते ताजं आठवतं. (पोस्टवाले रागावतील. रागावू देत.)

पाठांतर एकाच ठिकाणी करा: 42 व्या दुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्तीत गेलेले पाच विषय. शिक्षण, वनं, वन्य प्राणी-पक्ष्यांचं संरक्षण, वजनं-मापं, न्यायदान. तिथे डोकं लढवून उत्तर निघत नाही.