‘पाळीव प्राणी आणू नयेत’ अशा लॉजवर कुत्रा-मांजर लपवून नेताय? या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुण्याहून, सुरतेहून जळगाव-धुळ्याकडे निघणाऱ्या गाड्यांत मागच्या सीटवर आता कुत्राही बसलेला दिसतो. घरी लेकी, जावई, नातवंडं आलेली, झोपायला जागा उरत नाही, म्हणून एखादं कुटुंब दोन रात्रींसाठी लॉज घेतं. श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाला तेच, डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला तेच. काउंटरवर पाटी असते, ‘पाळीव प्राण्यांना मनाई’. मग कुत्रा चादरीत गुंडाळून मागच्या जिन्याने वर जातो, मांजर कपड्यांच्या बॅगेत. यातून जी संकटं उभी राहतात त्यांचा भार बहुतेक वेळा मालकावर नाही, त्या मुक्या जिवावर पडतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

चूक पहिली: ‘आमचा भुंकत नाही’

घरी भुंकत नसेल. परक्या खोलीत त्याच्या ओळखीचा एकही वास नसतो. जिन्यावरची पावलं, लिफ्टचा दरवाजा, बाजूच्या खोलीतला टीव्ही, सगळंच नवीन. तुम्ही जेवायला खाली उतरलात की पहिल्या अर्ध्या तासातच तो दार खरवडायला लागतो किंवा रडतो. दाराच्या खालच्या कडेला नखांचे ओरखडे उठतात, त्याची भरपाई तुमच्याच बिलात लागते. चादर बदलायला आलेल्या पोऱ्याला उशीवरचे केस दिसतात, एसीच्या जाळीतही केस अडकतात. शिवाय पार्किंगमध्ये आणि पॅसेजमध्ये कॅमेरे असतातच.

पकडलं गेल्यावर रात्री अकराला खोली सोडा म्हणतात. आखाजीच्या आठवड्यात त्या वेळी गावात दुसरी खोली मिळणं अवघड, प्राण्यासह मिळणं तर जवळपास अशक्य.

लॉजवाल्याची बाजूही समजून घ्या. दहा-पंधरा खोल्यांच्या लॉजवर गाद्या धुता येत नाहीत. लघवी एकदा कापसात मुरली की ती गादी टाकूनच द्यावी लागते. मांजराच्या अंगावरचे, लाळेतले ॲलर्जीचे कण मांजर गेल्यावरही काही महिने खोलीत टिकतात, आणि पुढच्या पाहुण्याला दमा असू शकतो. पाटी उगीच लावलेली नसते.

सगळ्यात घातक चूक: ‘मग गाडीतच ठेवू’

खोलीत नेणं जमलं नाही की कुत्रा गाडीत राहतो. खान्देशात एप्रिल-मेमध्ये हा निर्णय जीव घेतो. जळगाव-भुसावळचा पारा त्या दिवसांत 43-44 अंशांवर असतो, कधी 45 च्याही वर जातो. बंद गाडीतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा 20 अंशांहून जास्त वाढतं, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. म्हणजे बाहेर 40 असेल तर तुमचं जेवण होईपर्यंत आत 55 च्या पुढे. काच चार बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. सावली तर सरकतेच, बारा वाजता कडुनिंबाखाली लावलेली गाडी दोन वाजता उन्हात असते.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो, आणि आत ओढलेली हवाच तापलेली असेल तर धापांचा उपयोग संपतो. त्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. 41 च्या पुढे गेलं की मेंदू, मूत्रपिंडं, आतडी यांना इजा व्हायला लागते. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना याहूनही कमी वेळ मिळतो.

ओळखायचं कसं? धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट आणि चिकट होते, हिरड्या आधी लालबुंद आणि मग फिकट किंवा जांभळट दिसतात, चाल अडखळते, उलटी होते. असं दिसलं तर आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. सावलीत आणून नळाचं पाणी सगळ्या अंगावर ओता, पोटाखाली, जांघेत, पंजांवर, आणि पुठ्ठ्याने किंवा पंख्याने वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, थोड्याच वेळात तो तापतो आणि आतली उष्णता अडवतो. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवा, तोंडात ओतू नका. गुदद्वारात थर्मामीटर लावून मोजता आलं तर 39.5 ला पाणी ओतणं थांबवा, नाहीतर पारा उलट फार खाली जातो. सावरल्यासारखा दिसला तरी डॉक्टरांना दाखवा, कारण मूत्रपिंडाची इजा एक-दोन दिवसांनी उघड होते.

गप्प बसावा म्हणून गोळी देणं

हे अजिबात करू नका. माणसाच्या झोपेच्या किंवा सर्दीच्या गोळीचा डोस कुत्र्याला अंदाजाने देता येत नाही. गुंगीत धापा मंदावतात, घाटात उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. मांजराला पॅरासिटामॉलची एक साधी गोळीही मारक ठरते. प्रवासात फार घाबरणारा प्राणी असेल तर पशुवैद्यांना पंधरा दिवस आधी भेटा. त्यांनी औषध दिलंच तर त्याची पहिली मात्रा घरी, तुमच्या डोळ्यांसमोर द्या. प्रवासात पहिल्यांदा देऊ नका.

‘कायद्याने तुम्ही नाही म्हणू शकत नाही’

काउंटरवर हा वाद हल्ली वरचेवर ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्यांसाठी आहेत. सोसायटीला रहिवाशाच्या कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, एवढं त्यात आहे. लॉज, हॉटेल किंवा भक्तनिवास कोणत्या पाहुण्याला काय आणू देतं, तो त्यांचा नियम. उलट 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा तुम्हालाच लागू होतो. प्राण्याला हलता येणार नाही अशा जागी कोंडणं, दीर्घकाळ आखूड साखळीने बांधणं, वाऱ्यावर सोडून देणं हे त्यात गुन्हे आहेत.

फोन करताना काय चुकतं

बुकिंगच्या ॲपवर ‘पेट फ्रेंडली’ खूण दिसली की लोक निर्धास्त होतात. ती खूण कधी जुनी असते, कधी फक्त एका खोलीपुरती. थेट लॉजवर फोन करा, आणि रात्रपाळीच्या पोऱ्याशी न बोलता मॅनेजरशी किंवा मालकाशी बोला. ‘छोटासा कुत्रा आहे’ असं मोघम सांगू नका. जात, वजन, वय, नसबंदी झाली आहे का, रेबीजची लस कधी दिली, रात्री कुठे झोपेल, हे स्वतःहून सांगा. मग विचारा: जादा पैसे किती, अनामत किती आणि परत कधी, खोली तळमजल्यावर मिळेल का, फिरवायला जागा कुठे. तळमजल्याची शेवटची खोली सगळ्यात बरी, जिना आणि लिफ्ट दोन्ही टळतात. होकार मिळाला की तोच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवून ‘हो’ असं लेखी उत्तर घ्या, पैसे त्यानंतर भरा.

नकार देणारे लॉजही काही वेळा बदलतात. एक रात्रीची अनामत, स्वतःची चादर-सतरंजी, आणि प्राणी खोलीत एकटा सोडणार नाही असा शब्द, एवढं मांडलं तर छोट्या गावातला मालक ऐकून घेतो. तरीही नाही म्हणाला तर तिथेच थांबा.

खोली मिळाली, पण दिवसभर कुठे?

हा विचार फार कमी लोक करतात. जळगावला मुक्काम आणि अजिंठ्याची सहल, असा बेत असतो. अंतर सुमारे 60 किलोमीटर. पण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षित स्मारकात प्राणी आणायला मनाई आहे. लेणी नीट पाहायची तर जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. त्या वेळात कुत्रा खोलीत एकटा किंवा गाडीत, आणि दोन्हींचं काय होतं ते वर आलंच. घरातल्या एकाने मागे राहायचं, आणि दोन दिवस असतील तर पाळी बदलायची, हाच खरा उपाय. (सोमवारी लेणी बंद असतात.)

पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रम घाट अभयारण्यात येतो, पाल हे गाव यावल अभयारण्यात. शिरपूरकडे अनेर धरण अभयारण्य आहे. अभयारण्यात पाळीव कुत्रा नेऊ नका, वन विश्रामगृहाच्या खोलीतही नाही. कुत्र्याकडून डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) आणि रेबीज रानातल्या प्राण्यांना लागतात, आणि बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य वाटतं. यावल-रावेरच्या केळीच्या बागांत उतरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. शेतातल्या घरी मुक्काम असेल तर अंधार पडल्यावर कुत्रा अंगणात बांधून ठेवू नका, आत घ्या. दिवसाही तो बागेत मोकळा नको. कठडा नसलेल्या विहिरी, उंदरांसाठी ठेवलेलं विष, बुंध्याशी टाकलेली दाणेदार कीटकनाशकं यांचा धोका असतो. पावसाळा सरल्यावर सातपुड्यातल्या वाळक्या गवताची कुसळं कानात आणि बोटांच्या बेचक्यात शिरतात. फिरून आल्यावर दोन्ही जागा बोटांनी चाचपून पाहा, आणि त्याच वेळी गोचीडही शोधा.

तोरणमाळ हे थंड हवेचं ठिकाण सुमारे 1,150 मीटर उंचीवर आहे. घाटात वळणं बरीच, म्हणून निघण्याआधी चार तास खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं द्या. डिसेंबरातली रात्र आखूड केसांच्या कुत्र्याला बोचते, त्याचं जुनं पांघरूण सोबत असू द्या. सारंगखेड्याला घोड्यांच्या रांगांमागून कुत्रा फिरवू नका. लाथ बसली तर बरगडी मोडते.

पाहुणचारातलं विष

खान्देशात कुत्र्यालाही प्रेमाने वाढतात, आणि तिथेच घात होतो. भरताच्या वांग्यात कांद्याची पात आणि लसूण, शेवभाजीच्या रश्श्यात कांदा-लसूण भाजून वाटलेला. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या लाल रक्तपेशी फोडतात, आणि परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो: हिरड्या पांढऱ्या, लघवी तांबूस. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडांना घातक. मटणाची शिजवलेली हाडं अणकुचीदार फुटतात. आत्या-मावशीला पहिल्याच दिवशी सांगा की त्याला कोरी भाकरी, साधा भात, दही चालेल, रस्सा नको. पाणी वजनाच्या दर किलोला दिवसाला 50 ते 60 मिली, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला लिटरभराहून थोडं जास्त. मेमध्ये त्याच्या दुप्पट सोबत ठेवा.

खोलीत घाण झाली तर

पहिल्या पाच मिनिटांवर सगळं अवलंबून आहे. जुन्या फडक्याने दाबून टिपून घ्या, चोळू नका, चोळल्याने लघवी आत जाते. मग गार पाण्याने पुन्हा टिपा. त्यावर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मारा, दहा मिनिटांनी टिपा, सुकल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरा आणि तासाने झाडून घ्या. एन्झाइमचं क्लीनर मिळालं तर उत्तम. फिनाइल वापरू नका. त्याने वास फक्त झाकला जातो, आणि मांजराने ते पंजावरून चाटलं तर विषबाधा होते. अमोनियाच्या क्लीनरचा वास लघवीसारखाच, त्यामुळे प्राणी परत तिथेच जातो. हे झालं की काउंटरवर जाऊन सांगा.

आधीच लपवून आत नेलं असेल तर

अजून कोणी पाहिलं नसेल तरी खाली जा आणि स्वतः सांगा. क्रम असा: घरातला एक जण कुत्र्यापाशी थांबेल, दुसरा लसीचं कार्ड घेऊन मॅनेजरकडे जाईल. चूक कबूल करा, अनामत देऊ करा, सकाळी लवकर निघायची तयारी दाखवा. त्यांनी नाही म्हटलं तर वाद न घालता रात्रीची दुसरी सोय विचारा. गावातला एखादा पशुवैद्य किंवा त्यांच्या ओळखीचं कोणी रात्रभर ठेवून घेईल, हे स्थानिक माणसालाच माहीत असतं. मुलांना पायऱ्यांवर राखणीला बसवून रात्र काढू नका.

कुत्र्याने लॉजवर कोणाला चावा घेतला तर लपवालपवी तत्क्षणी बंद. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका. त्या माणसाला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या, रेबीजची लस तिथे मोफत मिळते. कुत्र्याचं लसीचं कार्ड डॉक्टरांना दाखवा आणि तुमचा खरा फोन नंबर द्या, कारण कुत्र्यावर पुढचे 10 दिवस लक्ष ठेवावं लागतं. पिल्लाला रेबीजची पहिली लस तीन महिन्यांची झाल्यावर देतात आणि तिचा असर यायला सुमारे 21 दिवस लागतात. आदल्या दिवशी टोचून प्रवासाला निघणं म्हणूनच निरर्थक.

रेल्वेने येत असाल तर

भुसावळ जंक्शनवर उतरणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे थ्री-टायर एसीत बास्केटमधून कुत्रा आणणं. एसी टू-टायर, थ्री-टायर, स्लीपर, कुठल्याच डब्यात कुत्र्याला परवानगी नाही, सापडल्यास दंड होतो. एसी फर्स्टमध्ये दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तर पार्सल ऑफिसात बुकिंग करून नेता येतो. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातल्या पेटीचा. उन्हाळ्यात दिवसाच्या गाडीला तो निवडू नका.

मांजराचं वेगळं

मांजराला फिरण्याची हौस नसते. त्याचं घर म्हणजे त्याची जागा, आणि चार दिवसांसाठी शेजारणीने दोन वेळा येऊन खाणं-पाणी पाहिलं, वाळूची पेटी साफ केली, तर ते सुखात राहतं. न्यायचंच असेल तर जाळीदार पिंजरा दोन आठवडे आधीपासून घरात उघडा ठेवा आणि जेवण त्यातच द्या. खोलीत शिरल्यावर पिंजरा उघडण्याआधी खिडक्या, बाथरूमची झडप आणि दिवाणाखालची फट बंद करा. घाबरलेलं मांजर दिवाणाच्या पेटीत शिरलं की दोन-दोन दिवस बाहेर येत नाही, आणि तुमची परतीची गाडी सुटते.