मांजर सारखं उलटी करतंय? केसांचा गोळा कसा ओळखावा आणि काय करावं

"मांजर आहे, उलटी करणारच! पोटात केस जातात ना." मांजर पाळणाऱ्या प्रत्येकानं हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा केसांचा गोळा पडला आणि मांजर लगेच पूर्वीसारखं खायला-खेळायला लागलं, तर घाबरायचं काही नाही. पण दर आठवड्याला लादी पुसावी लागत असेल, तर 'त्याची सवयच आहे' म्हणून सोडून देऊ नका. मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असतं. कित्येकदा उलटी हे आपल्याला दिसणारं पहिलंच लक्षण असतं.

मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेनं वळलेले बारीक, टणक काटे असतात. अंग चाटताना गळलेले केस त्यात अडकतात. काटे आतल्या बाजूला वळलेले असल्यानं ते केस थुंकता येत नाहीत, गिळावेच लागतात. केस पचत नाहीत, पण बहुतेक केस शीतून निघून जातात. जे जठरात रेंगाळतात त्यांचा गुंता होतो आणि तो उलटून पडतो. म्हणून गोळे वरचेवर पडत असतील तर दोन प्रश्न विचारायचे: मांजर जास्त केस गिळतंय का? की आतडं ते पुढे ढकलायला कमी पडतंय? लांब केसांच्या पर्शियन मांजराच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर उघड आहे. आखूड केसांचं मांजर वारंवार गोळे ओकत असेल, तर दुसऱ्या प्रश्नाकडे गंभीरपणे बघायला हवं.

आधी काय पडलंय ते बघा

किळस वाटली तरी लगेच पुसून टाकू नका. फोटो काढा, मग हातमोजा घालून कागदावर ते पसरून बघा. केसांचा गोळा नावापुरताच गोळा असतो. अन्ननलिकेतून दाबून आल्यामुळे तो बोटाएवढा लांबट, ओलसर आणि घट्ट असतो. मांजर पांढरं असलं तरी जठरातल्या रसानं आणि पित्तानं त्याचा रंग तपकिरी किंवा हिरवट झालेला असतो. चिमट्यानं सोडवला की केस स्पष्ट दिसतात. उलटीत अन्नच जास्त आणि चार-दोन केस असतील, तर त्याला केसांचा गोळा म्हणू नये. अंग चाटणाऱ्या मांजराच्या पोटात थोडे केस कायमच असतात.

दोरा, प्लॅस्टिकचा तुकडा, पान, जंत, लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसतंय का, तेही बघा.

ते कसं पडलं हेही तितकंच महत्त्वाचं. उलटीच्या आधी मांजर ओठ चाटतं, सारखं गिळतं, कधी विचित्र आवाजात ओरडतं आणि मग त्याचं पोट जोरजोरानं आत-बाहेर होतं. खाल्ल्याबरोबर, काही जोर न लावता, न पचलेलं अन्न नळीच्या आकारात बाहेर आलं तर ती उलटी नव्हे, अन्न जठरात पोचण्याआधीच परत आलेलं असतं. तिसरा प्रकार बहुतेकांना चकवतो. मांजर जमिनीलगत दबून बसतं, मान पुढे ताणतं, घशातून खर्रखर्र आवाज काढतं आणि बाहेर काहीच पडत नाही. लोक म्हणतात, 'गोळा अडकलाय.' प्रत्यक्षात तो अनेकदा खोकला असतो, आणि मांजरांना दमाही होतो. असं दिसलं की मोबाईलवर चित्रित करून ठेवा. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा त्या अर्ध्या मिनिटाचा जास्त उपयोग होतो.

तारीख आणि वजन लिहा

कॅलेंडरवर प्रत्येक उलटीची खूण करा: केस की अन्न की फेस, खाल्ल्यानंतर किती वेळानं, आणि त्या दिवशी नवीन काही खाल्लं होतं का. महिन्याभरात चित्र आपोआप स्पष्ट होतं.

वजनाची नोंद तर मी सगळ्यात वर ठेवेन. आधी मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करा. काटा डिजिटल असावा. चार किलोच्या मांजराचं वजन ४०० ग्रॅमनं उतरलं म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा गेला. दाट केसांखाली हे डोळ्यांना कळत नाही. उलट्या आणि घटतं वजन एकत्र आले की घरगुती उपाय थांबवून तपासणीच करायची, मांजर कितीही चांगलं खात असलं तरी. दहा वर्षांच्या पुढच्या मांजरांत थायरॉईड वाढल्यावर नेमकं हेच होतं: भूक वाढते, उलट्या होतात आणि अंग मात्र झडत जातं.

विंचरा

कंगव्यात आलेला प्रत्येक केस पोटात जायचा वाचतो. लांब केसांच्या मांजराला रोज, आखूड केसांच्या मांजराला आठवड्यातून एक-दोनदा विंचरावं. केस जास्त गळण्याच्या दिवसांत त्याहून जास्त. मांजर पेंगुळलेलं असताना सुरुवात करा. आधी गाल, हनुवटी, मानेचा मागचा भाग, कारण तिथे त्याला आवडतं. मग पाठ, केसांच्या दिशेनं, हलक्या हातानं. पोट आणि मांड्यांची आतली बाजू सगळ्यात शेवटी. शेपूट जोरात हलायला लागली किंवा कान मागे गेले की तिथेच थांबा. रोज दोन मिनिटं शांतपणे झालेलं काम आठवड्यातून एकदा झटापट करून उरकण्यापेक्षा कितीतरी चांगलं. गुंता झाला असेल तर कातडी आणि गुंता यांच्या मध्ये बोटं धरून टोकाकडून सोडवत या. कात्री लावू नका, मांजराची कातडी पातळ असते आणि गुंत्याबरोबर सहज कापली जाते. शेवटी ओल्या फडक्यानं अंगावरून हात फिरवा, सुटे केस त्याला चिकटून येतात.

विंचरताना कातडीवर मिरपुडीसारखे काळे कण दिसले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. पिसवा, अ‍ॅलर्जी, सांधेदुखी किंवा घरातला ताण, यांतल्या कशानंही मांजर स्वतःला अति चाटायला लागतं. अशा वेळी गोळ्यावर उपाय करून काय होणार? मूळ खाज थांबली पाहिजे. मात्र कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यात अनेकदा असणाऱ्या पर्मेथ्रीन या कीटकनाशकामुळे मांजर दगावू शकतं.

खाण्यापिण्यात बदल

खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटांत जसंच्या तसं अन्न बाहेर येत असेल, तर घाईघाईनं खाणं हे एक साधं कारण असू शकतं. दिवसाचं अन्न चार-पाच वेळांत विभागा. खोल वाटीऐवजी पसरट ताटलीत पातळ थर करून द्या. घरात दोन मांजरं असतील तर त्यांना एकमेकांना न दिसेल असं वेगळं जेवू घाला, स्पर्धेपोटीच ती भराभरा गिळतात. खाद्य बदलायचं असेल तर जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवसांत बदला. दूध बंद करा, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही.

पाणी जितकं पोटात जाईल तितकं चांगलं. ओलं खाद्य हा त्याचा सोपा मार्ग. पाण्याचं भांडं खाण्यापासून आणि लिटर ट्रेपासून लांब ठेवा.

केसांच्या गोळ्यांसाठी मिळणारी पेस्ट वंगणाचं काम करते. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, जेवणापासून अंतर ठेवून द्या. रोज महिनोन्‌महिने देऊ नका, तिच्यातल्या खनिज तेलामुळे काही जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत. पातळ पॅराफिन तर जबरदस्तीनं तोंडात ओतूच नका. ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसं खराब होतात. लोणी किंवा तेल चाटवण्याचाही उपयोग नाही, ते पचून जातं आणि वंगण म्हणून उरत नाही. इसबगोलासारखे तंतू काही मांजरांना उपयोगी पडतात, पण प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

हे दिसलं तर थांबू नका

दिवसात तीन-चार उलट्या, पाणीही न टिकणं, उलटीत रक्त, सुस्ती, पोट फुगणं, उमाळे येऊनही काहीच न पडणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. चोवीस तास काहीच न खाल्लेलं मांजरही दाखवायला हवं. विशेषतः जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. त्यामुळे 'पोटाला आराम' म्हणून दिवसभर उपाशी ठेवू नका. पिल्लू असेल तर आणखी घाई करा. बोका उलटी करतोय आणि ट्रेमध्ये सारखा जोर देऊनही लघवी होत नाही, तर मूत्रमार्ग अडकलेला असू शकतो. तिथे तासांचा प्रश्न असतो.

तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा मोह आवरा. एक टोक जिभेच्या मुळाशी गुंडाळलेलं आणि दुसरं आतड्यात असू शकतं. ओढलं की आतडं चिरतं. लिलीचं फूल, पान, पराग किंवा फुलदाणीतलं पाणी पोटात गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट बघू नका, मूत्रपिंडं निकामी होतात. घरी मीठ वगैरे देऊन उलटी करवू नका. माणसांची औषधंही नकोत, पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे.

डॉक्टरांकडे गेल्यावर

फोटो, चित्रण, नोंदी, वजनं आणि सध्याच्या खाद्याच्या पाकिटाचा फोटो बरोबर न्या. शेवटचं जंताचं औषध कधी दिलं तेही सांगा. रक्त, लघवी आणि शी यांच्या तपासण्या, थायरॉईड, गरज पडली तर एक्स-रे आणि सोनोग्राफी, असा साधारण क्रम असतो. आतड्यांची जुनाट सूज आणि काही वेळा तिथला कर्करोग 'केसांचे गोळे' या नावाखाली वर्षानुवर्षं दडून राहतात, म्हणून सोनोग्राफी सुचवली तर टाळू नका.

अनेकदा आधी आहार बदलून बघतात: पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनाचं किंवा पोटाच्या अशा तक्रारींसाठीच तयार केलेलं खाद्य. फरक पडणार असेल तर तो बहुधा दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतो. तेवढे दिवस दुसरा एक घासही द्यायचा नाही. खाऊ नाही, चवीची गोळी नाही, दुसऱ्या मांजराच्या ताटलीतलं उष्टंही नाही. घरात कुणीतरी लाडानं तुकडा टाकणारं असतंच. त्यांना आधीच समजावून सांगा आणि कॅलेंडरवरच्या खुणा चालू ठेवा. पुढच्या भेटीत डॉक्टर आधी त्याच बघतील.