इलेक्ट्रोमॅग्नेट करताय? आधी तारेचं टोक खरवडा

भाच्याचं शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, पोरानं इलेक्ट्रोमॅग्नेट, म्हणजे करंट असेपर्यंतच चुंबक होणारं लोखंड, करायला बोल्टला तार गुंडाळली, सेल जोडला, टाचणी काय हलेना. सेल बदलून झाला, बोल्ट बदलून झाला, आणि दोष होता तारेच्या टोकाला. वायंडिंगची तार दिसायला उघडी तांब्याची वाटते, पण तिच्यावर इनॅमलचा, म्हणजे करंट अडवणाऱ्या रंगाचा, पातळ थर असतो, तो टोकाला काढला नाही तर करंट जाणारच कुठनं? ब्लेडनं किंवा पॉलिश पेपरनं दोन्ही टोकं दोन-दोन सेंटिमीटर चारी बाजूंनी खरवडायची, तपकिरी रंग जाऊन गुलाबी चकाकी आली की झालं.

याच थरावर सगळा खेळ उभा आहे बघा. 1820 ला डेन्मार्कच्या ओर्स्टेडला दिसलं की तारेतनं करंट सोडला की शेजारचा होकायंत्राचा काटा वळतो, म्हणजे करंट आहे तिथं चुंबकत्व आलंच. मग 1825 ला इंग्लंडच्या स्टर्जननं नालासारख्या वाकवलेल्या लोखंडावर तार गुंडाळून पहिला इलेक्ट्रोमॅग्नेट केला, जेमतेम 200 ग्रॅमचं लोखंड आणि उचललं 4 किलो. पण त्याची तार उघडी होती त्यामुळं वेढे लांब लांब ठेवावे लागले, 18 च बसले. पुढं अमेरिकेत जोसेफ हेन्रीनं तारेलाच इन्शुलेशन, म्हणजे करंट अडवणारं आवरण, केलं आणि थरावर थर गुंडाळता यायला लागले.

आता सामान. उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, मोटर वायंडिंगच्या दुकानात 28 गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर) तार वजनावर मिळते, 25 ग्रॅम घेतली तरी जवळजवळ 25 मीटर भरते, लई झाली. बोल्ट 8 एमएमचा, साधा एमएसचा, म्हणजे मऊ माइल्ड स्टीलचा घ्या, डोक्यावर 8.8 कोरलेला नको. तो कडक स्टीलचा असतो, करंट बंद केला तरी थोडं चुंबकत्व धरून ठेवतो, मग टाचण्या खाली पडत नाहीत. साधा बोल्टही टाचण्या सोडत नसेल तर लालबुंद तापवून राखेत पुरून ठेवा, सावकाश गार झाला की मऊ पडतो. हे काम मोठ्यांनीच करायचं.

बोल्टवर आधी कागदाचा एक वेढा द्या, आट्यांवर घासून इनॅमल निघतं म्हणून. मग तार ताणून, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळायची, पहिला थर संपला की त्यावरच परत मागं यायचं, पण फिरवायची दिशा तीच, दिशा उलटी झाली की वेढे एकमेकाचा जोर खातात.

वेढे किती? पुस्तकात असतं वेढे वाढवा, जोर वाढतो. खरं आहे, पण करंट तेवढाच राहिला तर. जोर ठरतो करंट गुणिले वेढे यावर. 100 वेढ्यांना साधारण पावणेतीन मीटर तार लागते, तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जेमतेम 0.4 ओहम, त्यामुळं सेल गरम होऊन लगेच बसतो. 200 वेढे केले की रोध दुप्पट, करंट कमी होतो, तरी जोर थोडा वाढतोच आणि सेल टिकतो. 400 केले तर एवढी तार गुंडाळून फारसा फरक पडत नाही, कारण जेवढे वेढे वाढले तेवढा करंट घटला. म्हणून एका सेलवर 200-250 वर थांबा, जास्त जोर हवा असेल तर दुसरा सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागं एक लावा.

एका वेळी पाच-सात सेकंदच जोडायचं. सोडताना बारीक ठिणगी दिसते, ती वेढ्यातलं चुंबकीय क्षेत्र एकदम संपल्यामुळं. आणि घरच्या 230 व्होल्टच्या सॉकेटला हे कधीही, कसंही जोडायचं नाही, जीव जाईल.

चालू-बंद होतो यालाच खरी किंमत आहे. फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्रेनला लावलेला मॅग्नेट भंगार उचलतो आणि करंट तोडला की भट्टीत सोडतो, साधा चुंबक लावला तर भंगार चिकटूनच राहील. पण रसरशीत लाल कास्टिंग, म्हणजे ओतलेला तुकडा, त्याच मॅग्नेटला उचलता येत नाही, कारण लोखंड 770 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की चुंबकाला ओढलंच जात नाही.

ध्रुव ओळखायचा असेल तर शिवायची सुई चुंबकावर एकाच दिशेनं तीस-चाळीस वेळा घासा आणि काचेच्या वाटीत पाण्यावर छोटं पान ठेवून त्यावर ती आडवी ठेवा. ती फिरून उत्तर-दक्षिण थांबेल. उत्तरेकडचं टोक ध्यानात ठेवा आणि बोल्ट हळूच जवळ न्या, ते टोक लांब ढकललं गेलं तर बोल्टचं ते तोंड उत्तर ध्रुव. आता सेल उलटा लावून परत बघा, तेच टोक झपकन बोल्टकडं येतंय की नाही.