तारेचा सायकल कॉम्प्युटर: निवड आणि जोडणी
वेग, अंतर आणि वेळ एवढेच पाहायचे असेल, तर तारेचा साधा कॉम्प्युटर पुरेसा आहे. मात्र आकडे ठळक आहेत का आणि मुंबईच्या पावसात ओल्या बोटांनी बटण दाबता येईल का, हे दुकानातच तपासावे.

सेन्सर पुढच्या फोर्कवर (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) व चुंबक त्याच चाकाच्या आऱ्यावर बसवून दोघांत २ ते ३ मिलिमीटर फट ठेवावी. तार ब्रेकच्या केबलभोवती गुंडाळून वर न्यावी आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती ताणली जात नाही, याची खात्री झाल्यावरच तार बांधणारे प्लास्टिकचे टाय आवळावेत.

खरे महत्त्व कॉम्प्युटरमध्ये भरायच्या चाकाच्या परिघाला आहे; चाकाचे फेरे मोजून त्यावरूनच तो अंतर काढतो. पुस्तिकेतल्या तक्त्यावर विसंबण्यापेक्षा, टायरमध्ये नेहमीएवढी हवा भरून, व्हॉल्व्ह अगदी खाली असताना जमिनीवर खडूने खूण करावी, सायकलवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा सरळ पुढे जावे, व्हॉल्व्ह पुन्हा खाली येताच दुसरी खूण करावी आणि दोन खुणांमधले अंतर मोजावे. ७०० बाय २५ मापाच्या टायरला ते २१०० मिलिमीटरच्या आसपास भरते. त्यात २० मिलिमीटरची चूक झाली, तर शंभर किलोमीटरमागे जवळपास एक किलोमीटर चुकते.

मरीन ड्राइव्हचा खारा वारा रोज लागत असेल, तर माउंटवरचे (हँडलवर कॉम्प्युटर बसवायच्या खाचेतले) धातूचे ठिपके दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसावेत. चालत्या सायकलवर वेग शून्य दिसू लागला, तर आधी चुंबक सरकले आहे का ते पाहावे, मग या ठिपक्यांवर हिरवट थर शोधावा.