नदीपात्रात छोटे विमान उतरवताना या चुका टाळा

अलास्कात रस्ते मोजके असल्याने नदीपात्रातील गोट्यांचे पट्टे, टंड्राची माळराने आणि हिमनद्या हीच अनेकदा छोट्या विमानांची धावपट्टी ठरते. पायपर सुपर कबसारखी हलकी विमाने फुगीर टायरांवर अशा जागी उतरतात, परंतु ते टायर दगडगोटे सोसतात. गवताआड दडलेला ओहोळ किंवा चिखल नव्हे.

सर्वांत घातक चूक म्हणजे जागा वरून एकदा पाहून लगेच उतरणे. आधी उंचावरून फेरी मारून वारा, उतार आणि पलीकडची झाडे पाहावीत, मग खाली येऊन पृष्ठभाग न्याहाळावा. पट्टा लांब असेल आणि पुढचा मार्ग मोकळा असेल, तर अनुभवी वैमानिक उड्डाणाचा वेग राखून चाके जमिनीला हलकेच टेकवतात, पुन्हा वर उठतात आणि वळून आपल्याच चाकोऱ्या पाहतात. चाकोरीत पाणी झिरपलेले दिसले, तर तिथे उतरत नाहीत. गेल्या आठवड्यात इथेच उतरलो होतो, हा भरवसाही धरू नये, कारण हिमनद्यांतून निघणाऱ्या नद्या उन्हाळ्यात दुपारनंतर फुगतात आणि पट्ट्याचा आकारच बदलून टाकतात.

दुसरी चूक वाऱ्याबाबतची आहे आणि माझ्या मते तिच्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. हवेतील वेग ५० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) असताना समोरून १० नॉट वारा असेल, तर विमान जमिनीवर ४० नॉटने टेकते, मात्र तोच वारा पाठीमागून असेल तर ६० नॉटने. ब्रेकांना जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे या दोन उतरण्यांत ती सव्वादोन पट होते. जवळ तळे असेल तर ज्या काठाचे पाणी शांत दिसते, त्या काठाकडून वारा येत आहे असे समजावे.

वेग उरला म्हणून ब्रेक करकचून दाबले, तर शेपटीला चाक असलेले विमान नाकावर उलटू शकते. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे किंचित तिरपी झालेली धाव आपोआप सरळ होत नाही, उलट गिरकी वाढत जाते. ती पायांखालच्या सुकाणूच्या पेडलांनी तत्काळ रोखावी लागते.

हिमनदीवर ढगाळ उजेडात बर्फ आणि आकाश एकरूप होतात व उंचीचा अंदाज चुकतो, म्हणून पूर्वीचे वैमानिक स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या खाली टाकून खुणा करत. उतरण्यास पुरलेली जागा भार चढवल्यावर उड्डाणास पुरेलच असे नसते, याचा हिशोबही उतरण्यापूर्वीच करावा.

अलास्काच्या कायद्यानुसार विमानात प्रत्येकासाठी आठवडाभराची शिधासामग्री ठेवावी लागते, पण विमान पेटले तर ती हाती लागत नाही. आगकाड्या आणि संदेशयंत्र अंगावरच्या खिशातच असावे. विमानात अजून १२१.५ मेगाहर्ट्झचाच जुना आपत्कालीन प्रक्षेपक (अपघातानंतर मदतीचा रेडिओ-संकेत पाठवणारे यंत्र) असेल, तर १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह तो संकेत ऐकत नाहीत. ४०६ मेगाहर्ट्झचा प्रक्षेपक बसवून घ्यावा.