सुट्टी वाटताना दिवस नको, वेळ लिहा

मुलीची आई आणि मी वेगळे झालो तेव्हा समजुतीच्या कागदावर तिच्या शाळेच्या सुट्टीबद्दल एवढंच होतं: "सुट्टी दोघांत अर्धी-अर्धी." पहिलीच सुट्टी आली १७ दिवसांची. म्हणजे प्रत्येकी साडेआठ. माझ्या घरापासून मुलीच्या घरापर्यंत रात्रभराचा प्रवास, म्हणजे तो अर्धा दिवस ती गाडीत झोपूनच काढणार. तरी त्यावरून तिची आई आणि मी आठवडाभर मेसेजवर भांडलो.

म्हणून आधी तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून घ्या. "शाळा सुटली की" असलं मोघम नको. शनिवार, सकाळी दहा, अमुक स्टेशन. विषम दिवसांची सुट्टी आली तर वरचा दिवस कुणाचा, तेही तिथेच. आमच्याकडे पहिला अर्धा भाग आणि तो वरचा दिवस सम वर्षी तिच्या आईचा, विषम वर्षी माझा. वर्षअखेरची सुट्टी दोन वर्षांत सांडते, तेव्हा ती ज्या वर्षी सुरू होते तेच वर्ष धरायचं. हे वाक्य लिहिलेलं नसेल तर दोघंही बरोबर असतात आणि दोघंही चिडलेले.

प्रवासाचे दिवस कुणाच्याच वाट्यात धरू नका. आणायला मी जातो, परत पोचवल्यावर तिची आई तिला घेऊन जाते. खर्च मिळकतीच्या प्रमाणात. परतीचं तिकीट जातानाच काढायचं आणि त्याचा फोटो समोरच्याला पाठवायचा. अर्धे संशय तिथेच मिटतात.

मूल एकटं विमानाने येणार असेल तर तिकीट काढण्याआधी कंपनीला विचारा. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांपुढच्या मुलांना आपल्या देखरेखीखाली नेतात, वेगळे पैसे घेऊन, पण त्यांतल्या लहानांना मध्ये विमान बदलू देत नाहीत. न्यायला येणाऱ्याचं नाव फॉर्मवर ओळखपत्राप्रमाणेच हवं. तिच्या आईने सवयीने माझं घरगुती नाव लिहिलं होतं. काचेपलीकडे लेक हात हलवतेय आणि मी काउंटरवर चाळीस मिनिटं तो मीच हे पटवतोय.

देश बदलत असेल तर दुसऱ्या पालकाचं तारखा, पत्ता आणि फोन नंबर घातलेलं, नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ ठेवा. मुलांना बेकायदा दुसऱ्या देशात नेण्या-ठेवण्याविरुद्धचा १९८०चा हेग करार ज्या देशांमध्ये लागू आहे, तिथे १६ वर्षांखालच्या मुलाला सुट्टीपुरतं नेऊन ठरल्या दिवशी परत न पाठवणं हेही बेकायदा अडकवून ठेवणंच धरलं जाऊ शकतं. "आणखी चारच दिवस" हवे असतील तर आधी लेखी होकार घ्या.

बॅगेचं ओझं कमी करा. कपड्यांचा एक जोड, दात घासायचा ब्रश, चपला दोन्ही घरी. औषधं मात्र पूर्ण सुट्टी पुरतील इतकी, सोबत चिठ्ठीचा फोटो. आणि ज्याच्याशिवाय झोप येत नाही ते. आमच्याकडे तो एका कानाचा ससा आहे. एकदा तो राहिला, आणि रात्री दोन वाजता मी पायमोज्याचा दुसरा ससा शिवत बसलो. तिने तो नम्रपणे बाजूला ठेवला.

आल्या दिवशी काही ठरवू नका. मी सुरुवातीला स्टेशनवरूनच फिरायला न्यायचो; ती बूटही न काढता खुर्चीच्या टोकाला बसून राहायची. आता पहिली संध्याकाळ मोकळी. आईशी फोन रोज रात्री आठला, आणि त्या वेळी मी खोलीत थांबत नाही. आता ती चौदाची आहे, तिचेही बेत असतात. तारखा ठरण्याआधी तिला विचारतो. पण निरोप तिच्या हातून पाठवत नाही.

आजारपणाने भेट हुकली तर तेवढे दिवस लगेच पुढच्या सुट्टीत जोडायचे, हेही लिहून ठेवलंय.

आणि परत निघताना तिच्या आईला मेसेज. पूर्वी लांबलचक लिहायचो, त्यात टोमणे असायचे. आता असा: "गाडीत बसलो. जेवली आहे. चष्मा पुढच्या कप्प्यात. ससा आहे."