हरभऱ्यात पक्षीथांबे: किती, कुठे, कधी

दहिवराने भिजलेलं हरभऱ्याचं रान, पानांवर आंब, म्हणजे पानांतून सुटणारं आंबट पाणी, आणि उंच काठीवर टेहळणी करणारा कोतवाल पक्षी. हे दृश्य सुंदर आहेच, शिवाय तो कोतवाल घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, पोखरणारी घाटेअळी टिपायला बसलेला असतो. पण हरभरा जेमतेम दीड फुटाचा. त्यात पक्ष्याला बसायला जागा नसते. ती आपण करून द्यायची.

पाच फुटांची बांबूची किंवा निरगुडीची काठी घ्या. वर अंगठ्याएवढ्या जाडीची दीड-दोन फुटांची आडवी काडी सुतळीने घट्ट बांधा. गुळगुळीत पाइप नको, त्यावर पंजे घसरतात. काठी सव्वा फूट खोल रोवा. काळी जमीन भेगाळली की थांबे कलतात आणि डुगडुगत्या काठीवर पक्षी टिकत नाही, म्हणून पंधरवड्याने बुंध्याशी माती ठेचा. एकरी वीस थांबे, म्हणजे साधारण ४५ फुटांवर एक. बांधाच्या झाडाजवळ दाटी करू नका, रानाच्या मध्यभागी जास्त लावा. तिथेच बसायला काही नसतं.

फुलं येण्याआधी, पेरणीनंतर तिसाव्या दिवसापर्यंत थांबे उभे हवेत. चार-पाच दिवसांनी खाली पांढरी विष्ठा दिसते का पाहा. नसेल तर जागा बदला.

जिवंत थांबा हवा असेल तर पेरतानाच एकरी ७०-८० ग्रॅम ज्वारी बियाण्यात मिसळा. त्याहून दाट झाली तर हरभऱ्यावर सावली पडते. ज्वारी उंच व्हायला वेळ लागतो, तोवर काठ्या लागतातच. थांब्यावर येणारा वेडा राघू मधमाश्याही खातो, पण हरभऱ्यात स्वपरागीभवन होत असल्याने घाटे कमी लागत नाहीत. साळुंक्या आणि गायबगळे मात्र जमिनीवर फिरून अळ्या वेचतात. त्यांना हुसकावू नका.

पक्षी सगळ्या अळ्या संपवत नाहीत. फुलोऱ्यात ५ टक्के निंबोळी अर्क फवारा आणि अळ्या मोजत राहा. ओळीच्या एका मीटरमागे एक-दोन अळ्या दिसू लागल्या तरच पुढच्या औषधाचा विचार करा. जहाल कीटकनाशकाने मेलेली अळी पक्ष्याच्याच पोटात जाते. घाटे भरले की थांबे काढा, नाहीतर पोपट उतरतात.

उंदीर असतील तर बांधावर आठ-दहा फुटांचे दोन-तीन थांबे ठेवा. पिंगळा आणि गव्हाणी घुबड रात्री तिथे बसतात. त्या रानात उंदरांचं विष मात्र टाकू नका. विष खाल्लेला उंदीर घुबडाला मारतो.